घर आणि नगर

जुन्या दिल्लीच्या तटबंदीबाहेर, वायव्येस, खडकाळ टेकड्यांची एक रांग आहे. तिच्या एका उंचवट्यावर हिंदुराव रुग्णालय उभे आहे. हे नाव एका मराठी सरदाराचे. कागलच्या घाटगे घराण्यातील हिंदुराव हे दौलतराव शिंद्यांची पत्नी बायजाबाई यांचे बंधू. १८३३ साली बायजाबाईंना ग्वाल्हेर सोडावे लागले आणि त्यांच्या माणसांचे भाग्यही पालटले. दिल्लीतील इंग्रज अधिकारी विल्यम फ्रेझर याचा मार्च १८३५ मध्ये खून झाला. त्याचे टेकडीवरील प्रशस्त घर हिंदुरावांनी विकत घेतले. घराला त्यांचे नाव पडले आणि मालक गेल्यावरही ते टिकले.

पण टेकडीचा इतिहास या घरापासून सुरू होत नाही. रुग्णालयाच्या आवारात फिरोजशहा तुघलकाच्या काळातील ‘पीर गायब’ ही वास्तू आणि एक बाव आहे. जवळच अशोकाचा स्तंभ आहे. तो फिरोजशहाने चौदाव्या शतकात मेरठहून आणविला. अठराव्या शतकात दारूच्या स्फोटात त्याचे तुकडे झाले आणि १८६७ साली ते जोडून तो पुन्हा उभा करण्यात आला.

१८५७ च्या जून ते सप्टेंबर या महिन्यांत याच घराभोवती घनघोर लढाई झाली. घर तेच होते, भिंती त्याच होत्या. परंतु तटाकडे जाणारे रस्ते त्या उंचीवरून दिसत, म्हणून विलासाची कोठी एकाएकी मोर्चाचे ठाणे झाली. विसाव्या शतकात तेथे रुग्णालय आले. शिकारी सुलतानाची जागा, सरदाराचे निवासस्थान, युद्धाचा मोर्चा आणि रुग्णांचा आसरा या सर्व अवस्थांचे कारण घराच्या दगडविटांत सापडत नाही. ते घर आणि नगर यांच्या नात्यात सापडते.

विद्यापीठीय शिक्षणाला हे नाते उमगायला मात्र वेळ लागला. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत विसाव्या शतकाच्या आरंभी वास्तुकलेचे पद्धतशीर शिक्षण सुरू झाले. १९१५ साली मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा झाला. पुढे १९१९ ते १९२४ या काळात पॅट्रिक गेडिस हे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र या विषयांचे प्राध्यापक होते. आधी पाहणी, मग आराखडा, हा त्यांचा आग्रह. वैद्य नाडी पाहिल्याशिवाय औषध देत नाही, तसे नगराचे पाणी, वारा, बाजार, देवळे आणि माणसांच्या सवयी पाहिल्याशिवाय रेघ ओढू नये, असे त्या शिकवणीचे सार सांगता येईल.

दिल्लीत याच्या उलट घडले होते. १५ डिसेंबर १९११ रोजी पाचव्या जॉर्ज बादशहाने नव्या राजधानीची कोनशिला टेकडीच्या उत्तरेकडील दरबारी छावणीच्या परिसरात बसविली. जागेची नीट तपासणी नंतर झाली. ती सखल, पुराच्या भयाची आणि रोगट ठरली, आणि राजधानी दक्षिणेस रायसीन्याकडे गेली. कोनशिला आधी, पाहणी मागाहून!

१९४१ साली दिल्ली पॉलिटेक्निकमध्ये वास्तुकलेचा विभाग निघाला. हे पॉलिटेक्निक काश्मिरी दरवाजापाशी, म्हणजे हिंदुरावांच्या टेकडीपासून फारसे दूर नव्हे. त्याच वर्षीच्या शिरगणतीत दिल्ली प्रांताची वस्ती सुमारे ९ लाख होती. फाळणीनंतर, १९५१ साली, ती १७ लाखांवर गेली. निर्वासितांना छप्पर हवे होते. पण छपरासाठी घर बांधले म्हणजे त्याच्या पाण्याचा, सांडपाण्याचा आणि रस्त्याचा प्रश्नही उभा राहतोच.

या प्रश्नाची किंमत लवकरच मोजावी लागली. १९५५ च्या पुरानंतर यमुनेचे पात्र सरकले. नोव्हेंबरमध्ये नजफगड नाल्याचे मैले पाणी उलटे चढून वझिराबादच्या पाणी उचलण्याच्या जागेपर्यंत पोहोचले. पाण्यात तुरटी आणि क्लोरीन वाढविण्यात आले. तरीही विषाणू नळांतून घरोघर गेला. सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. यांतली कित्येक घरे सुबक असतील, हवेशीर असतील. पण ज्या घराच्या नळातून रोग येतो, त्याच्या सुबकपणाला काय अर्थ?

१९५५ सालीच भारत सरकारने नगर व ग्रामरचनेची शाळा स्थापन केली होती. पुढे वास्तुकलेचा विभाग आणि ही शाळा एकत्र आली आणि १९५९ साली ‘स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर’ हे नाव रूढ झाले. पुढे ती इंद्रप्रस्थ इस्टेटमध्ये गेली; १९७९ साली तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. घर शिकणारा आणि नगर शिकणारा, हे दोघे एकाच छपराखाली आले. १९६२ च्या सप्टेंबरात दिल्लीची पहिली बृहत् योजना अमलात आली, तेव्हा अशा शिक्षित माणसांची निकड उघड होती.

या दोन्ही अंगांची सांगड घालणारा एक मराठी माणूस याच काळात दिल्लीत काम करीत होता. कोकणातील आचऱ्याचे अच्युत कानविंदे (१९१६–२००२) मुंबईच्या ज. जी. शाळेत शिकले, हार्वर्डला वॉल्टर ग्रोपियस यांच्या हाताखाली शिकले आणि १९५५ साली शौकत राय यांच्यासह त्यांनी दिल्लीत स्वतंत्र व्यवसाय सुरू केला. कानपूरच्या तंत्रशास्त्र संस्थेचा आराखडा करताना त्यांनी एकेक इमारत सुटी पाहिली नाही. वर्ग, ग्रंथालय आणि चालण्याच्या वाटा यांची सावलीसह एकत्र मांडणी केली.

योजना झाली म्हणजे नगर सुधारतेच असे नाही. दिल्लीची वाढ कागदावरील रेषांना वारंवार ओलांडून गेली आहे आणि यमुनेचे पाणी आजही चिंतेचा विषय आहे. म्हणूनच या शिक्षणाचे प्रयोजन संपत नाही. विद्यार्थ्याने आखणीची पट्टी हाती घेण्यापूर्वी हिंदुरावांच्या टेकडीवर एकदा उभे राहावे. एकीकडे रुग्णालय, दुसरीकडे स्तंभ, पलीकडे तटाच्या आतले दाट शहर आणि दूर नदी. यांतले एकही दुसऱ्यावाचून नीट समजत नाही, एवढे ज्याच्या ध्यानी आले, त्याचा अभ्यास खऱ्या अर्थाने सुरू झाला.