पराभवानंतरचे सात आठवडे : गांबियातील सत्तांतर

पश्चिम आफ्रिकेतील गांबिया या देशात १ डिसेंबर २०१६ रोजी राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक झाली आणि बावीस वर्षे सत्तेवर असलेले याह्या जामे तीत हरले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी पराभव मान्य केला, आठवडाभरात घूमजाव केले आणि २१ जानेवारी २०१७ रोजी अखेर देश सोडला. पराभव मान्य करणे आणि सत्ता सोडणे यांत किती अंतर असू शकते, हे या सात आठवड्यांत जितके स्पष्ट दिसले तितके अलीकडच्या इतिहासात क्वचितच दिसले असेल.

गांबिया हा आफ्रिकेच्या मुख्य भूमीवरील सर्वांत लहान देश. क्षेत्रफळ सुमारे ११,३०० चौरस किलोमीटर, लोकसंख्या त्या वेळी वीस लाखांच्या आसपास. गांबिया नदीच्या दोन्ही काठांनी आत शिरलेली ही चिंचोळी पट्टी आहे. एका टोकाला अटलांटिक महासागर आणि बाकी तिन्ही बाजूंना सेनेगल. भुईमूग आणि युरोपीय पर्यटक ही कमाईची मोठी साधने. या भूगोलाचा राजकारणाशी थेट संबंध आहे, कारण राजधानी बांजूलमध्ये काही बिनसले की सेनेगलचे सैन्य काही तासांत तिथे पोहोचू शकते. १९८१ मध्ये तसे घडलेही होते. राष्ट्राध्यक्ष दाव्दा जवारा ब्रिटिश युवराजाच्या विवाहासाठी लंडनला गेले असताना मागे बंड झाले आणि सेनेगलच्या फौजांनी येऊन ते मोडून काढले.

१९६५ मध्ये ब्रिटिशांपासून स्वातंत्र्य मिळाल्यापासून देशाचा कारभार जवारा यांच्याच हाती होता. निवडणुका नियमित होत, विरोधी पक्ष मोकळेपणाने लढत, पण सत्ता मात्र कधी बदलली नाही. २२ जुलै १९९४ रोजी लष्करातील काही तरुण अधिकाऱ्यांनी ती उलथवली. त्यांचे म्होरके होते २९ वर्षांचे लेफ्टनंट याह्या जामे. म्हणजे २०१६ पर्यंत गांबियात मतपेटीतून सत्तांतर एकदाही झालेले नव्हते. हरलेल्या राष्ट्राध्यक्षाने कसे वागायचे याचा पायंडाच या देशात नव्हता.

जामे यांनी १९९६, २००१, २००६ आणि २०११ अशा चार निवडणुका जिंकल्या. नव्या राज्यघटनेत कार्यकाळाच्या संख्येवर मर्यादा नव्हती. पत्रकार, विरोधक, प्रसंगी स्वतःचे सहकारीही तुरुंगात जात किंवा बेपत्ता होत. २००७ मध्ये जामे यांनी एड्सवर आपल्याकडे वनौषधींचा इलाज असल्याचे जाहीर केले आणि रुग्णांवर तो वापरलाही. २०११ मध्ये बीबीसीशी बोलताना, अल्लाची इच्छा असेल तर आपण अब्ज वर्षेही राज्य करू, असे त्यांनी सांगितले होते. अशा माणसाने निवडणूक घ्यायचीच कशाला, हा प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की ती आपण हरू शकतो, हे त्यांना खरेच वाटत नव्हते.

तसे न वाटण्याला कारणेही होती. २०१५ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराची अनामत रक्कम एकदम पाच लाख दलासीवर नेण्यात आली होती. एप्रिल २०१६ मध्ये निवडणूक सुधारणांसाठी निघालेला मोर्चा पोलिसांनी चिरडला. विरोधी युनायटेड डेमोक्रॅटिक पार्टीचे कार्यकर्ते सोलो सांदेंग यांचा कोठडीत मृत्यू झाला, आणि जाब विचारायला रस्त्यावर उतरलेले पक्षाचे नेते उसैनू दार्बो तीन वर्षांसाठी तुरुंगात गेले. पण परिणाम उलटा झाला. एरवी आपसांत भांडणारे पक्ष एकत्र आले आणि त्यांनी अदामा बॅरो हा एकच उमेदवार दिला. बॅरो जमीन-घरांच्या व्यवहारातले व्यावसायिक. तरुणपणी लंडनमध्ये शिकत असताना त्यांनी दुकानात सुरक्षारक्षकाची नोकरी केली होती. देशाला त्यांचे नाव फारसे माहीत नव्हते, आणि तेच पथ्यावर पडले.

गांबियातील मतदानाची रीत जगावेगळी आहे. इथे मतपत्रिका नसते, काचेची गोटी असते. लिहिता-वाचता न येणाऱ्यांची संख्या मोठी असल्याने १९६० च्या दशकात, ब्रिटिश अमदानीच्या अखेरीस ही पद्धत आली. प्रत्येक उमेदवाराच्या रंगात रंगवलेले, त्याचा फोटो लावलेले पत्र्याचे पिंप आडोशाआड ठेवलेले असते. २०१६ मध्ये जामे यांचे हिरवे, बॅरो यांचे रुपेरी आणि तिसरे उमेदवार मामा कांदे यांचे जांभळे होते. पिंपाच्या नळीतून गोटी आत सोडली की आतली घंटी एकदा वाजते. दोनदा वाजली तर बाहेर बसलेल्या अधिकाऱ्यांना लबाडी लगेच कळते. गोट्या एकमेकींवर आपटून आवाज होऊ नये म्हणून तळाशी वाळू किंवा भुसा असतो, आणि सायकलची घंटी ऐकून घोटाळा नको म्हणून मतदानाच्या दिवशी केंद्राजवळ सायकलींना मज्जाव असतो. मोजणीसाठी दोनशे किंवा पाचशे खळगे असलेले लाकडी तबक वापरतात. तबक भरले की हिशेब समोर दिसतो. मतदानाच्या दिवशी सरकारने इंटरनेट आणि परदेशी फोन बंद केले होते, पण पिंपातल्या गोट्यांवर त्याचा काही परिणाम होण्यासारखा नव्हता.

२ डिसेंबरला निवडणूक आयोगाचे अध्यक्ष अलियू मोमार एन्जाय यांनी बॅरो विजयी झाल्याचे जाहीर केले. त्याच संध्याकाळी जामे दूरचित्रवाणीवर आले आणि कॅमेऱ्यासमोर हसत हसत बॅरो यांना फोन करून त्यांनी शुभेच्छा दिल्या. रस्त्यांवर जल्लोष झाला. ५ डिसेंबरला आयोगाने बेरजेतील चूक दुरुस्त केली. बॅरो २,२७,७०८, जामे २,०८,४८७ आणि कांदे ८९,७६८ असे अंतिम आकडे आले. आघाडी घटून १९,२२१ वर आली, विजेता तोच राहिला. यातली गंमत अशी की निर्विवाद बहुमत नसल्यास दुसरी फेरी घेण्याची तरतूद जामे यांच्याच राजवटीत काढून टाकली होती. ती असती तर ४३ टक्के मते मिळवणाऱ्या बॅरो यांना पुन्हा लढावे लागले असते.

९ डिसेंबरला जामे पुन्हा दूरचित्रवाणीवर आले. आयोगाच्या चुकीकडे बोट दाखवून त्यांनी निकाल फेटाळला आणि फेरनिवडणुकीची मागणी केली. रस्त्यांवर सैनिक उभे राहिले. मधल्या आठवड्यात काय बदलले? मते बदलली नव्हती. बदलली होती ती पुढची धास्ती. विरोधी पक्षांच्या आघाडीच्या नेत्या फातूमाता जालो ताम्बाजांग यांनी ब्रिटनच्या 'गार्डियन' या वृत्तपत्राला, जामे यांच्यावर वर्षभरात खटला भरला जाईल, असे सांगितले होते. सत्ता जाणे एक वेळ परवडले असते, पण सत्तेपाठोपाठ तुरुंग दिसू लागल्यावर हिशेब फिरला. त्यांच्या माघारीचे हे एकमेव कारण नसेल, पण विजयी बाजूने ते बोलून दाखवण्याची घाई केली, हे खरे.

पुढचे डाव कायद्याचा आधार घेऊन खेळले गेले. १३ डिसेंबरला निकालाविरुद्ध याचिका दाखल झाली. मात्र सर्वोच्च न्यायालयात सरन्यायाधीशांशिवाय न्यायमूर्तीच नव्हते. बाकीचे नायजेरिया आणि सिएरा लिओनमधून आणायचे होते आणि ते काही आले नाहीत. १७ जानेवारीला आणीबाणी जाहीर झाली आणि लगोलग संसदेने जामे यांचा कार्यकाळ तीन महिन्यांनी वाढवला. कागदोपत्री सगळे जमवले जात होते. प्रश्न होता तो कागद मानणारे कोण उरले आहेत, हा.

पश्चिम आफ्रिकी देशांच्या 'इकोवास' या संघटनेने जामे यांचा दावा मान्य केला नाही. १३ डिसेंबरला लायबेरिया, नायजेरिया, सिएरा लिओन आणि घाना या देशांचे प्रमुख समजावणीसाठी बांजूलला आले. घानाचे जॉन महामा स्वतः चारच दिवसांपूर्वी निवडणूक हरले होते. ज्या ९ डिसेंबरला जामे यांनी शब्द फिरवला, त्याच दिवशी महामा यांनी घानात आपला पराभव मान्य केला होता. जामे यांच्यावर त्याचा परिणाम झाला नाही, आणि शिष्टमंडळ रिकाम्या हाताने परतले. त्याच दिवशी सैनिकांनी निवडणूक आयोगाचे कार्यालय ताब्यात घेतले.

गळती मात्र घरातूनच सुरू झाली. परदेशांतील अनेक राजदूतांनी आणि वकिलांच्या संघटनेने बॅरो यांची बाजू घेतली. 'गांबियाने कौल दिला आहे' अशा अर्थाचे शब्द छापलेले टी-शर्ट दिसू लागले. ते घालणाऱ्यांना आणि विकणाऱ्यांना पकडले जाई. जानेवारीत खासगी रेडिओ केंद्रे बंद करण्यात आली. तरी मंत्री एकामागून एक राजीनामे देत गेले. १८ जानेवारीला उपराष्ट्राध्यक्ष इसातू एन्जाय-सैदी यांनीही पद सोडले. त्या जवळपास वीस वर्षे जामे यांच्या सोबत होत्या. सेनाप्रमुख उस्मान बाजी यांची भूमिका तर दोनदा बदलली. आधी बॅरो यांना पाठिंबा, मग जामे यांच्याशी निष्ठा, आणि शेवटी हा राजकीय वाद असून त्यासाठी आपली माणसे लढवणार नाही, असा पवित्रा. सैन्यच लढणार नसेल तर आणीबाणीच्या हुकमाला काही किंमत नव्हती.

या काळात सुमारे ४५ हजार लोक सीमा ओलांडून सेनेगलमध्ये गेले. ब्रिटिश पर्यटकांना विमानांनी मायदेशी नेण्यात आले. बॅरो सुरक्षेसाठी सेनेगलची राजधानी डाकारमध्ये होते. तिथे असतानाच त्यांचा आठ वर्षांचा मुलगा गांबियात कुत्रा चावून दगावला आणि त्यांना अंत्यसंस्कारालाही जाता आले नाही. १९ जानेवारीला, जामे यांची मूळ मुदत संपल्यावर, डाकारमधील गांबियाच्या दूतावासातल्या एका छोट्या दालनात बॅरो यांनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली. त्याच दिवशी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने इकोवासच्या प्रयत्नांना एकमताने पाठिंबा दिला. ठरावात राजकीय मार्गाला अग्रक्रम होता, बळाच्या वापराला उघड परवानगी नव्हती. सेनेगलचे सैन्य संध्याकाळी सीमा ओलांडून आत आले आणि थोड्या अंतरावर थांबले. नायजेरियाची लढाऊ विमाने आकाशात घिरट्या घालत होती.

शेवटची बोलणी गिनीचे अल्फा कोंडे आणि मॉरिटानियाचे मोहम्मद ऊल्द अब्देल अझीझ या राष्ट्राध्यक्षांनी केली. २१ जानेवारीच्या पहाटे जामे यांनी पद सोडत असल्याचे जाहीर केले आणि त्या रात्री ते कोंडे यांच्यासोबत विमानात बसले. गिनीमार्गे ते इक्वेटोरियल गिनीला गेले. त्यांच्या आलिशान मोटारी मालवाहू विमानाने मागाहून नेण्यात आल्या. तिजोरीतून १ कोटी १० लाख डॉलर गेल्याचे बॅरो यांच्या सल्लागाराने तेव्हाच सांगितले होते. पुढे चौकशी आयोगाने एकूण अपहाराचा आकडा ३६ कोटी डॉलरच्या वर नेला. जामे यांची प्रतिष्ठा, सुरक्षा आणि मायदेशी परतण्याचा हक्क जपला जाईल, असे इकोवास, आफ्रिकी संघ आणि संयुक्त राष्ट्रे यांनी संयुक्त निवेदनात म्हटले होते. खटल्यापासून कायमचे अभय मात्र त्यात दिलेले नव्हते. पश्चिम आफ्रिकेतल्याच आयव्हरी कोस्टमध्ये २०१०-११ साली राष्ट्राध्यक्ष लॉरां बाग्बो यांनी पराभव नाकारला तेव्हा सुमारे तीन हजार लोकांचा बळी गेला होता. त्या मानाने जामे यांना दिलेल्या आश्वासनांची किंमत कमीच म्हणावी लागेल, जरी छळ झालेल्यांच्या कुटुंबांना ती तशी वाटली नाही.

बॅरो २६ जानेवारीला बांजूलला परतले. तीन वर्षांनी पायउतार होण्याचा आघाडीला दिलेला शब्द त्यांनी पाळला नाही. ते पूर्ण पाच वर्षे राहिले आणि डिसेंबर २०२१ ची निवडणूकही त्यांनीच जिंकली. सत्य आणि सलोखा आयोगाने जामे राजवटीतील सुमारे २४० ते २५० मृत्यूंचा ठपका शासनयंत्रणेवर ठेवून खटल्यांची शिफारस केली, आणि सरकारने २०२२ मध्ये ती स्वीकारली. डिसेंबर २०२४ मध्ये इकोवासने या गुन्ह्यांसाठी विशेष न्यायाधिकरणाला मंजुरी दिली. तोवर तरी जामे इक्वेटोरियल गिनीतच होते.