डहाणूपर्यंत लोकल आली, पण पर्यटक पुढे कुठे जातो? समजून घ्या पर्यटनाचं ‘नेटवर्क सायन्स’

डहाणू म्हटलं की समुद्र, चिकू आणि वारली चित्रं आठवतात. पण बोर्डीच्या किनाऱ्यावर सुट्टी घालवणारा पर्यटक गंजाडच्या वारली कलाकारापर्यंत पोहोचतो का? नेटवर्क सायन्स नेमका हाच प्रश्न विचारतं.

नेटवर्क सायन्स म्हणजे काय?

ठिकाणं किंवा माणसं म्हणजे बिंदू आणि त्यांच्यातले संबंध म्हणजे रेषा. १७३६ मध्ये गणितज्ञ ऑयलर यांनी सात पुलांचं कोडं याच पद्धतीने सोडवलं होतं. पर्यटनात यावरून कळतं की कोणतं ठिकाण किती जणांशी जोडलेलं आहे, कोणतं वाटेवर आहे आणि कोणतं एकटं पडलंय.

डहाणू-तलासरीचं जाळं

२०१३ पासून मुंबईची लोकल डहाणू रोडपर्यंत येते. त्यामुळे हे स्टेशन मोठा बिंदू ठरतं. इथून डहाणू किनारा, घोलवड आणि बोर्डीकडे रेषा निघतात. पण लोकल बंद पडली, तर या सगळ्यांनाच फटका बसतो.

चारोटी नाका हे काही पर्यटनस्थळ नाही. तरीही मुंबई-अहमदाबाद महामार्ग आणि डहाणू-जव्हार रस्ता इथेच भेटतात, विवळवेढ्याचं महालक्ष्मी मंदिरही जवळच आहे. अशा ‘मधल्या’ बिंदूंना जाळ्यात मोठं महत्त्व असतं.

तलासरी याच महामार्गावर आहे. मात्र गाड्या जाणं म्हणजे जोडलं जाणं नव्हे. पर्यटक थांबला, जेवला, काही विकत घेतलं, तरच रेषा तयार होते. तलासरीतली झाई तर बोर्डीला लागूनच आहे.

माणसांचंही जाळं असतं

इटलीच्या एल्बा बेटावर संशोधक रोडोल्फो बाज्जो यांनी पर्यटन व्यावसायिकांमधले संबंध तपासले. जाळं विरळ निघालं, म्हणजे आपसातलं सहकार्य कमी होतं.

डहाणूतही हाच प्रश्न विचारता येतो. २०१६ मध्ये जीआय मानांकन मिळालेला घोलवडचा चिकू आणि पद्मश्री जिव्या सोमा म्हसे यांच्या गावची वारली कला, दोन्ही एकाच तालुक्यात आहेत. पण रिसॉर्टवाला पाहुण्याला चिकूवाडीचा, रिक्षावाला कलाकाराचा पत्ता देतो का?

हे महत्त्वाचं का?

१९९१ मध्ये केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर केला. अशा ठिकाणी नवी बांधकामं वाढवण्यापेक्षा आहे ते जोडणं परवडतं. रेषा वाढल्या, तर पर्यटकाचा पैसा किनाऱ्यावरच न थांबता पाड्यापर्यंत पोहोचू शकतो.