थंडीतली जुनी जीप

खानदेश म्हटला की ऊनच आठवते. पण डिसेंबर-जानेवारीत धुळ्याचा पारा अनेकदा १० अंशांखाली उतरतो. अशा पहाटे जुन्या जीपची परीक्षा असते.

दुसऱ्या महायुद्धासाठी घडलेली विलीज जीप महिंद्राने १९४९ पासून मुंबईत जुळवायला घेतली. चारही चाकांना ओढ देणारी ही गाडी सातपुड्याच्या कच्च्या वाटांना मानवली. १९९८ मध्ये नंदुरबार वेगळा होईपर्यंत तोरणमाळही धुळे जिल्ह्यातच होते.

पुढे डिझेलच्या जीप आल्या. डिझेल पेटते ते दाबाने तापलेल्या हवेत. गारठलेल्या इंजिनात हवा पुरेशी तापत नाही, ऑइल घट्ट होते, बॅटरीही मंदावते. म्हणून आधी हीटर प्लग तापवायचे. जुने चालक तर रात्री गाडी उतारावरच लावत. पहाटे ढकलायला सोपी!

चारही चाके जोडणारा दांडा कोरड्या डांबरी रस्त्यावर वापरू नये. वळणावर गिअरवर ताण येतो. पण वर्षभर हात न लावल्यास तोच दांडा जाम होतो. म्हणून, श्रोतेहो, अधूनमधून मोकळ्या मातीत तो वापरावा. ऐन रात्री डोंगरातून रुग्ण खाली आणायचा असतो, तेव्हा दांडा अडून चालत नाही.