गार्डनर संग्रहालय चित्रचोरी

अमेरिकेतील बॉस्टन शहरात, इझाबेला स्टुअर्ट गार्डनर संग्रहालयात १८ मार्च १९९० रोजी पहाटे झालेली चोरी. पोलिसांच्या वेषातील दोघांनी ८१ मिनिटांत १३ कलावस्तू पळवल्या. त्यांत व्हर्मीरचे एक व रेम्ब्रांटची दोन तैलचित्रे होती. चोरलेल्या मालाची किंमत एफबीआयने सुमारे ५० कोटी डॉलर धरली आहे. चोरांची नावे अधिकृतपणे जाहीर झालेली नाहीत आणि १३ पैकी एकही वस्तू परत मिळालेली नाही.

संग्रहालय : धनाढ्य संग्राहक इझाबेला स्टुअर्ट गार्डनर (१८४०–१९२४) यांनी व्हेनिसमधील महालांच्या धर्तीवर ही वास्तू उभारली आणि १९०३ मध्ये ती लोकांसाठी खुली केली. मधोमध काचेच्या छताखाली फुललेला चौक, सभोवती दालने. कोणती वस्तू कोठे असावी हे बाईंनी स्वतः ठरवले होते. मृत्युपत्रात त्यांनी बजावून ठेवले की ही मांडणी बदलू नये. बदलल्यास सारा संग्रह विकून पैसा हार्वर्ड विद्यापीठाला द्यावा. व्हर्मीरचे ‘द कॉन्सर्ट’ त्यांनी १८९२ मध्ये पॅरिसच्या लिलावात घेतले होते. आज व्हर्मीरची म्हणून मानली जाणारी चित्रे जेमतेम पस्तीसच्या घरात आहेत, म्हणजे हे एक गेले तरी खिंडार पडते.

घटनाक्रम : आदल्या दिवशी सेंट पॅट्रिक दिन होता आणि आयरिश वस्ती मोठी असलेल्या बॉस्टनमध्ये त्याची धामधूम मध्यरात्रीनंतरही ओसरली नव्हती. १ वाजून २४ मिनिटांनी पोलिसांच्या गणवेशातील दोन मिशाळ पुरुषांनी कर्मचाऱ्यांच्या दाराची घंटा वाजवली आणि आवारात गडबड झाल्याची तक्रार असल्याचे सांगितले. रात्री कोणालाही आत घ्यायचे नाही असा नियम असूनही पहारेकऱ्याने दार उघडले. पोलिसांना बोलावणारी एकमेव कळ त्याच्या मेजापाशी होती. ‘तुला कुठेतरी पाहिलंय, तुझ्या नावाचं वॉरंट आहे’ अशी बतावणी करून त्याला मेजापासून दूर यायला लावले आणि हातकड्या घातल्या. फेरीवर असलेला दुसरा पहारेकरी खाली येताच त्याचीही तीच गत झाली. दोघांना चिकटपट्टीने गुंडाळून तळघरात बांधून ठेवण्यात आले. पिस्तूल दाखवावे लागले नाही, आत शिरताना काच फोडावी लागली नाही. पोलिसी गणवेश आणि दमदाटीचा सूर एवढे भांडवल पुरले. चोर २ वाजून ४५ मिनिटांनी गाडीकडे दोन खेपा करून गेले. पहारेकरी मात्र सकाळी खरे पोलीस येईपर्यंत तसेच बांधलेले होते.

काय नेले, काय ठेवले : या चोरीतला खरा विचार करण्याजोगा भाग हाच आहे. डच दालनातून रेम्ब्रांटची १६३३ ची ‘गॅलिली सागरावरील वादळ’ आणि ‘काळ्या पोशाखातील स्त्री व पुरुष’ ही चित्रे चौकटीतून पात्याने कापून काढली. यांतील पहिले हे रेम्ब्रांटचे एकमेव ज्ञात समुद्रचित्र. व्हर्मीरचे चित्र, गोव्हर्ट फ्लिंकचे एक निसर्गचित्र (ते पूर्वी रेम्ब्रांटचे समजले जाई), रेम्ब्रांटचे टपाल तिकिटाहून थोडेसेच मोठे असलेले एक आत्मचित्र आणि प्राचीन चीनमधील कांस्याचे मद्यपात्रही गेले. पलीकडच्या अरुंद दालनातून एद्गार दगाची कागदावरची पाच कामे उचलली. तेथे नेपोलियनच्या रक्षकदलाचा ध्वज काढण्याची खटपट केली, ती जमेना, तेव्हा ध्वजदंडाच्या टोकावरचा गरुड घेऊन ते चालते झाले.

आता सोडून दिलेल्या वस्तू पाहाव्यात. रेम्ब्रांटचे १६२९ चे लाकडी फळीवरचे आत्मचित्र भिंतीवरून उतरवले आणि एका कपाटाला टेकवून तसेच ठेवले. फळी कापून गुंडाळता येत नाही, एवढेच कारण असावे. वरच्या मजल्यावर तिशियनचे ‘युरोपा’ होते. अमेरिकेतील सर्वश्रेष्ठ इटालियन चित्रांत त्याची गणना होते. चोर त्या मजल्यावर फिरकलेच नाहीत. बोत्तिचेल्ली आणि राफाएल यांनाही धक्का लागला नाही. व्हर्मीर आणि ध्वजाचा गरुड एकाच फेरीत नेणाऱ्याला कलेची जाण होती असे म्हणवत नाही. एखाद्या गर्भश्रीमंत शौकिनाने यादी देऊन चोरी करवली, ही लोकांची आवडती कथा या यादीपुढे टिकत नाही. ती कथा चित्रपटवाल्यांच्या अधिक उपयोगाची.

मग एवढी चित्रे कशासाठी? उघड बाजारात ती विकणे अशक्य. अशी चित्रे हाती लागताच कोणताही लिलावदार पोलिसांना फोन करील. गुन्हेगारी जगात मात्र त्यांना तारणाची किंमत असते. बॉस्टनमध्ये याचे उदाहरण ताजे होते. माइल्स कॉनर या नामांकित चित्रचोराने १९७५ मध्ये शहरातील ललितकला संग्रहालयातून भरदिवसा एक रेम्ब्रांट उचलला आणि पुढे तो परत करण्याच्या बोलीवर स्वतःची शिक्षा हलकी करून घेतली. रेम्ब्रांट देऊन तुरुंगातली वर्षे कमी होतात, हा धडा त्या शहरातील टोळ्यांनी गिरवला असल्यास नवल नाही. १९९० च्या चोरीच्या वेळी कॉनर स्वतः तुरुंगातच होता.

तपास : दालनांतील संवेदकांनी टिपलेल्या हालचालींच्या नोंदीचा छापील कागद चोरांनी नेला, पण संगणकातली नोंद शाबूत राहिली. तिच्यावरून त्यांचा दालनादालनांतील माग काढता आला आणि एक कोडेही उभे राहिले. एद्वार मॅनेचे ‘शे तोर्तोनी’ हे छोटे चित्र तळमजल्यावरील निळ्या दालनातून गेले होते. परंतु चोर आत असताना तेथे कोणाचीही हालचाल नोंदली गेलेली नाही. नोंद आहे ती चोर येण्यापूर्वी, पुढे त्यांना दार उघडणाऱ्या पहारेकऱ्यानेच घातलेल्या फेरीची. या चित्राची रिकामी चौकट सुरक्षाप्रमुखाच्या खुर्चीवर ठेवलेली सापडली. दार उघडणाऱ्या पहारेकऱ्यावर त्यामुळे वर्षानुवर्षे संशय घेतला गेला, पण आरोप कधीच ठेवला गेला नाही.

१९९४ मध्ये संग्रहालयाला एक निनावी पत्र आले. २६ लाख डॉलर आणि कारवाईपासून अभय मिळाल्यास चित्रे परत करू, असे त्यात म्हटले होते. बोलणी मान्य असल्यास ‘बॉस्टन ग्लोब’मध्ये इटालियन लिराच्या दरात एक आकडा सांकेतिक म्हणून छापावा, अशी अट होती. वृत्तपत्राने तो छापलाही. त्यानंतर आणखी एक पत्र आले आणि व्यवहार तेथेच थांबला. २०१३ मध्ये एफबीआयने जाहीर केले की चोर कोण हे आपल्याला कळले आहे, ते एका गुन्हेगारी टोळीचे होते आणि काही चित्रे कनेक्टिकटमार्गे फिलाडेल्फियाला नेली गेली. नावे सांगितली नाहीत. दोघेही मरण पावल्याचे पुढे सांगण्यात आले.

परिणाम : मूळ चोरीबद्दल खटला भरण्याची मुदत १९९५ मध्येच संपली, चोरीचा माल जवळ बाळगणे हा गुन्हा मात्र वेगळा उरतो. संग्रहालयातील मौल्यवान कलावस्तूंची चोरी हा केंद्रीय कायद्याखालील स्वतंत्र गुन्हा १९९४ मध्ये ठरवण्यात आला, तो या प्रकरणामुळेच. चित्रांचा चोरीविरुद्ध विमा नव्हता. डच दालनात रिकाम्या चौकटी अजून टांगलेल्या आहेत. मृत्युपत्राच्या सक्तीमुळे त्या तशा आहेत असे सर्रास सांगितले जाते. संग्रहालय स्वतः मात्र चित्रे परत येतील या आशेने जागा राखल्याचे सांगते. बक्षीस सुरुवातीला १० लाख डॉलर होते, १९९७ मध्ये ५० लाख झाले आणि २०१७ मध्ये ते १ कोटीवर गेले. ध्वजदंडावरील गरुडासाठी १ लाख डॉलरचे वेगळे बक्षीस आहे.