आश्रमशाळेत जाणाऱ्या मुलाची पूर्वतयारी (उटनूर परिसर)

आईवडिलांना सोडून निवासी शाळेत राहू लागणाऱ्या लहान मुलाची मनाने, सवयीने आणि भाषेने करून घ्यायची तयारी. तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्यात उटनूर येथे एकात्मिक आदिवासी विकास संस्थेचे कार्यालय असून भोवतालच्या डोंगरांत गोंड, कोलाम, परधान, थोटी, आंध व लंबाडा यांच्या वस्त्या विखुरलेल्या आहेत. गुड्यावरची (पाड्यावरची) छोटी शाळा संपली की बऱ्याच मुलांना आश्रमशाळा गाठावी लागते. तिथले वर्ग साधारणतः तिसरीपासून असतात. म्हणजे आठेक वर्षांचे मूल घराबाहेर झोपू लागते. शाळा जूनमध्ये उघडते. त्याच वेळी कापसाची टोबणी चालू असते. आईबाप शेतात अडकलेले आणि ओढ्यांना पाणी, त्यामुळे पहिल्या महिन्यात भेटीला येणेही अवघड होते.

मुलाला आईबापांपासून तोडले की काय होते, हे जॉन बोल्बी आणि जेम्स रॉबर्टसन यांनी ब्रिटनमधील रुग्णालयांत विसाव्या शतकाच्या मध्याला नोंदवले. मूल आधी आकांत करते, मग खचते, शेवटी अलिप्त होते. हे अलिप्तपणच ‘आता रुळला’ म्हणून समजले जाते, आणि खरा धोका तिथे आहे. ती मुले आठ वर्षांच्या मुलाहून बरीच लहान होती. पण न रडणारे मूल सुखात आहे असे धरून चालू नये, हे दोन्हीकडे लागू आहे.

उटनूर परिसरात घरापाठोपाठ भाषाही सुटते. घरी गोंडी, कोलामी किंवा मराठी. शाळेत तेलुगू वा इंग्रजी. पोट दुखते, पांघरूण हवे, भीती वाटते, हे सांगायलाच शब्द नसतील तर धीर देणाऱ्यापर्यंत मूल पोहोचणार कसे? यावरचे उत्तर याच भागात जुने आहे. गोंड नेते कुमरम भीम यांच्या 1940 मधील उठावानंतर निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांना गोंडांच्या अभ्यासासाठी नेमले. त्यांनी 1943 मध्ये मारलवाई येथे शिक्षक-प्रशिक्षण केंद्र सुरू केले. गोंड तरुणांनाच शिक्षक केले आणि गोंडी वाचनपुस्तके देवनागरीत काढली. मारलवाई आज कुमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात आहे. मराठी इतिहासकार आणि हैदराबाद संस्थानातील अधिकारी सेतुमाधवराव पगडी यांनीही गोंडी शिकून तिचे व्याकरण लिहिले. मुलाशी त्याच्या बोलीत बोलणारे माणूस तयार करणे ही पूर्वतयारीची पहिली पायरी आहे आणि ती पालकांची नव्हे, शासनाची आहे.

घरी करायच्या गोष्टी साध्या आहेत. अंगणवाडीतले काही तास ही पहिली तालीम, मामाच्या किंवा आत्याच्या गावी काढलेल्या रात्री ही दुसरी. प्रवेशाआधी मुलाला एकदा शाळा दाखवावी: झोपायची जागा कुठली, रात्री संडासला कुठून जायचे, ताट कुठे धुवायचे. पत्र्याच्या पेटीचे कुलूप त्याला स्वतः उघडता-लावता आले पाहिजे. किल्ली करगोट्याला बांधून दिली तर हरवत नाही. घरी ज्वारीची भाकर किंवा आंबील खाणाऱ्याला तिथे मुख्यतः भात मिळतो, तेव्हा उन्हाळ्यातच त्याची सवय लावावी. गुड्यावरची दोघे-तिघे एकाच शाळेत घालणे सर्वांत चांगले.

सर्वांत वाईट म्हणजे मुलाला खेळात गुंतवून डोळा चुकवून निघून येणे. रडले तरी निरोप घ्यावा आणि परत येण्याचा दिवस सांगावा. लहान मुलाला तारीख कळत नाही, सण कळतो. ‘नागोबाच्या जत्रेला न्यायला येऊ’ असे सांगितले तर केसलापूरची पौष अमावास्येची जत्रा त्याला दिवस मोजायला आधार देते. मात्र दिलेला शब्द मोडू नये.

इथे एक अडचण शाळेची आहे. तेलंगणात दसऱ्याची सुटी मोठी आणि दिवाळीची अगदी थोडी असते. गोंड आणि कोलामांचा दंडारीचा सण मात्र दिवाळीच्या सुमारास येतो. या सणातले घुसाडी नर्तक नाचत गावोगाव फिरत असताना त्या घरचे मूल वसतिगृहात असते. उटनूर परिसरातील आश्रमशाळांनी सुटीचे काही दिवस दंडारीकडे वळवावेत.