राजापुढे न वाकलेला भिक्खू



विहारात आपण भंतेंना पंचांग प्रणाम करतो. भंते मात्र उपासकाला उलट वंदन करीत नाहीत, मग तो उपासक मजूर असो की मंत्री. लहान मुले विचारतात, असं का? याच प्रश्नावरून सोळाशे वर्षांपूर्वी चीनमध्ये मोठा वाद झाला होता.

याचे मूळ तथागतांच्या संघात आहे. शाक्य राजपुत्र प्रव्रज्या घ्यायला आले तेव्हा त्यांनी उपाली न्हाव्याला आधी दीक्षा द्यावी, अशी विनंती केली. म्हणजे ज्येष्ठ म्हणून त्यालाच वंदन करावे लागेल आणि कुळाचा गर्व उतरेल! संघात मान जन्माने किंवा सत्तेने मिळत नाही, दीक्षेच्या ज्येष्ठतेने मिळतो.

हा धम्म चीनमध्ये गेला तेव्हा तिथला सम्राट 'आकाशाचा पुत्र' मानला जात होता. त्याच्यापुढे सर्वांनी लोटांगण घालायचे. भिक्खूंनीही घालावे, असा आग्रह इ.स. 340 मध्ये दरबारात धरला गेला, पण तो टिकला नाही. पुढे 402 मध्ये ह्वान श्वान या सरदाराने राजधानी (आजचे नानजिंग) ताब्यात घेतली. बळाने सत्ता घेतलेल्या माणसाला सर्वांचे वाकणे जास्तच हवे असते. तो म्हणू लागला, राजाच्या आश्रयावर भिक्खू जगतात, मग त्यांनी राजाला नमन का करू नये?

त्याने हे लू पर्वतावरील स्थविर हुई-युआन (334–416) यांना पत्राने विचारले. हुई-युआन तीसहून अधिक वर्षे त्या डोंगरावर राहिले. त्यांचे उत्तर नम्र होते, पण ठाम होते. घरात राहणारा उपासक आईबापाचा आणि राजाचा मान राखील, कायदा पाळील. पण ज्याने घर सोडले, मानधनाची आशा सोडली, त्याला दरबाराचे रिवाज लागू होत नाहीत. त्याचे चीवर हा दरबारी पोशाख नव्हे. तो वाकत नाही याचा अर्थ तो कृतघ्न आहे असा नाही, त्याच्या साधनेचा लाभ सर्वांनाच होतो.

आणि काय झाले? 403 च्या अखेरीस ह्वान श्वान स्वतः सम्राट झाला आणि त्यानेच नमनाची मागणी सोडून दिली. काही महिन्यांतच त्याचा पराभव होऊन तो मारला गेला. त्याच वर्षी, 404 मध्ये, हुई-युआन यांनी आपले म्हणणे पाच भागांच्या ग्रंथात लिहून ठेवले. एका राजाने दिलेली सूट दुसरा काढून घेऊ शकतो. लिहिलेले तत्त्व मात्र मागे राहते.

त्याच काळात उत्तरेकडील वेई राज्यात उलटे घडले. तिथले संघप्रमुख फाग्वो सम्राटालाच आजचा तथागत म्हणून वंदन करीत. पण त्याच घराण्याच्या सम्राटाने 446 मध्ये भिक्खूंना ठार मारण्याचे फर्मान काढले. म्हणजे वाकल्याने संघ वाचला नाही!

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ह्वान श्वानने ढोंगी भिक्खूंना संघातून काढण्याचा हुकूम काढला, तेव्हा संघात भ्रष्टता शिरली आहे हे हुई-युआन यांनी उघड मान्य केले. ताठ मान शीलावर उभी असते. शील नसेल तर तो नुसता अहंकार.

आज राजे गेले. पण निवडणूक आली की पुढारी विहाराच्या पायऱ्या चढतात. त्यांचे स्वागत जरूर करावे, आपल्या वस्तीचे प्रश्नही मांडावेत. फक्त त्या दिवशी भंतेंचे आसन खाली आणि पुढाऱ्याची खुर्ची वर, असे होऊ देऊ नये. दीक्षा घेताना आपण तिसरे शरण संघाला गेलो आहोत, कुठल्या गादीला नाही.

भवतु सब्ब मंगलं! जयभीम!