लाइम रीजिस संग्रहालय

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, डॉर्सेट परगण्याच्या पश्चिम टोकाला वसलेल्या लाइम रीजिस या लहानशा बंदरगावाचे स्थानिक इतिहास संग्रहालय. इमारत समुद्राला अगदी लागून आहे. थॉमस फिलपॉट यांनी 1901 मध्ये ती बांधून घेतली, म्हणून हे संग्रहालय पूर्वी ‘फिलपॉट संग्रहालय’ या नावाने ओळखले जाई.

जागेची कीर्ती मात्र इमारतीहून जुनी. जीवाश्म शोधणारी मेरी ॲनिंग (1799–1847) इथेच जन्मली. वडील सुतारकाम करत आणि किनाऱ्यावर सापडलेले जीवाश्म हवापालटाला येणाऱ्या पाहुण्यांना विकत. 1810 मध्ये ते वारले, घरावर कर्ज होते, आणि हा जोडधंदाच कुटुंबाचा आधार झाला. पुढच्या वर्षी भाऊ जोसेफला इक्थिओसॉर या नामशेष समुद्री सरीसृपाची कवटी मिळाली. उरलेला सांगाडा मेरीने 1812 मध्ये शोधून काढला. तेव्हा ती जेमतेम बारा-तेरा वर्षांची होती. 1823 च्या डिसेंबरात तिला प्लेसिओसॉर या दुसऱ्या समुद्री सरीसृपाचा जवळजवळ अखंड सांगाडा सापडला. विल्यम कॉनिबेअर यांनी लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेपुढे त्याचे सविस्तर वर्णन केले, पण तो शोधणारीचे नाव घेतले नाही. त्या संस्थेचे दार स्त्रियांना बंदच होते.

ती कवटी आणि तो प्लेसिओसॉर आज लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहेत. मेरीचे सर्वांत मोठे शोध गावाबाहेर गेले. तिचे नाव गावात जपण्याचे काम या संग्रहालयाने केले, आणि हेच त्याचे खरे मोल. 2017 मध्ये जोडलेले नवे दालन तिच्याच नावाचे आहे.

तिची मैत्रीण एलिझाबेथ फिलपॉट हीही जाणकार संग्राहक. इमारत बांधणारे थॉमस तिच्याच घराण्यातले. बेलेम्नाइट या माकूळसदृश प्राण्याच्या जीवाश्मात मेरीला सुकलेली शाई आढळली. एलिझाबेथने ती पाण्यात कालवली आणि त्याच शाईने इक्थिओसॉरची चित्रे काढली. प्राणी ज्युरासिक काळातला आणि शाईही त्याच काळातली!

संग्रहालयात गावाचा बाकीचा इतिहासही येतो. ‘कॉब’ नावाचा जुना दगडी धक्का, जेन ऑस्टिनच्या ‘पर्स्वेजन’ कादंबरीतला प्रसंग, 1685 मध्ये बंडासाठी इथे उतरलेला ड्यूक ऑफ मन्मथ. कादंबरीकार जॉन फौल्स यांनी 1979 ते 1988 या काळात अभिरक्षक म्हणून संग्रहालयाची धुरा वाहिली.

गावालगतच्या कड्यांत चुनखडी आणि चिकणमातीच्या खडकांचे थर एकाआड एक आहेत. हिवाळ्यात पाऊस व लाटांनी दरडी कोसळतात आणि नवे जीवाश्म उघडे पडतात. त्यांत अमोनाइट या वेटोळ्या शंखाच्या समुद्री प्राण्याचे जीवाश्म विपुल. गंडकीचे शाळिग्रामही अमोनाइटांचेच जीवाश्म. भरती-ओहोटीच्या वेळा पाहून संग्रहालय किनाऱ्यावर जीवाश्म-फेऱ्या काढते. दरड कधीही कोसळू शकते, त्यामुळे कड्याच्या पायथ्यापासून दूर राहून वाळूत सुटे पडलेले दगडच धुंडाळायचे असतात.